जॉयसच्या केसपेपरवरचा एक शब्द

जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंग पदविकेच्या, दुसऱ्या वर्षाला मी दरवर्षी एकच केस सलग तीन तास शिकवते. डोस चुकला, रक्ताची पिशवी बदलली, अशा चुकांच्या केसेस अर्ध्या तासात संपतात. चूक कुठे झाली ते बोट ठेवून दाखवता येतं आणि मुली वहीत लिहून घेतात. या केसमध्ये बोट ठेवायला गेलं की जागा सरकत राहते.

पेशंट जॉयस एशाक्वान. वय ३७, सात मुलांची आई. राहणार मानावान, क्युबेक प्रांत, कॅनडा. समाज अतिकामेक, म्हणजे त्या भूमीवर गोऱ्यांच्या आधीपासून राहणाऱ्या मूळनिवासींपैकी एक. घरची भाषा अतिकामेक, फ्रेंच दुसरी. हृदयाचा जुना आजार, छातीत पेसमेकर. २६ सप्टेंबर २०२० रोजी पोटात असह्य दुखतंय म्हणून जोलिएट शहराला लागून असलेल्या प्रादेशिक रुग्णालयात दाखल. २८ सप्टेंबरला मृत्यू.

मानावानहून जोलिएटला यायचं तर रस्त्याचा मोठा टप्पा जंगलातला, कच्चा. ज्यांनी भामरागडहून किंवा धडगावहून पेशंट खाली आणलाय त्यांना हा प्रवास वेगळा सांगायला नको. एवढं अंतर तोडून जो येतो तो सहज म्हणून येत नाही. त्यात जॉयसला त्या रुग्णालयाची भीती वाटायची, हे घरच्यांनी नंतर चौकशीत सांगितलं. आधीच्या खेपांनाही ती पलंगावरून फोनवर चित्रीकरण करायची, म्हणजे आपल्याला काय सांगितलं जातंय ते कोणीतरी आपलं माणूस ऐकेल. दवाखान्यात जाताना साक्षीदार सोबत न्यावा लागतो, हे तिला माहीत होतं.

दाखल झाल्यावर लवकरच तिच्या नावापुढे एक शब्द चिकटला: विथड्रॉवल. नशेची सवय असलेल्याला नशा मिळाली नाही की जी तगमग होते, ती. चौकशीत या शब्दाला कसलाही आधार सापडला नाही. ती नशेच्या आहारी गेलेली असल्याचा पुरावा नव्हता. तरीही तो शब्द एका ड्युटीकडून दुसऱ्या ड्युटीकडे जात राहिला.

आपण ओव्हर, म्हणजे ड्युटी बदलताना पुढच्या सिस्टरला पेशंटची माहिती, कशी देतो ते आठवून पाहा. "सात नंबर, काही नाही, नुसती ओरडते." हे वाक्य ऐकून वॉर्डात शिरणारी सिस्टर सात नंबरकडे डोळ्यांनी बघत नाही, त्या वाक्यातून बघते. पेशंट घामाघूम झाली, तर विथड्रॉवल. पलंगावर स्थिर पडत नाही, विथड्रॉवल. खाली पडली, आरडाओरडा करते, नळी ओढते, सगळं विथड्रॉवल. आता हीच लक्षणं फळ्यावर लिहा आणि शेजारी लिहा: हृदय कमकुवत, फुप्फुसात पाणी भरतंय. एकही लक्षण खोडावं लागत नाही. फुप्फुसात पाणी झालेल्या माणसाला आडवं झोपवत नाही, त्याला बसायचं असतं, उठायचं असतं, त्याचा जीव घाबरतो. ती तगमग त्याच्या शरीराची हाक असते. हे आम्ही पहिल्या वर्षालाच शिकवतो, आणि त्या रुग्णालयातल्या सगळ्यांना ते नक्की येत होतं. एका शब्दाने त्यांचं येणारं ज्ञान बाजूला सारलं.

२८ तारखेच्या सकाळी जॉयसने फोन हातात धरून फेसबुकवर थेट प्रक्षेपण सुरू केलं. ती अतिकामेक भाषेत नवऱ्याला हाका मारत होती, मला इथून घेऊन जा म्हणत होती. मागून एक नर्स आणि एक मदतनीस यांचे आवाज येतात. त्या तिला मूर्ख म्हणतात. तू आयुष्यात चुकीचे निर्णय घेतलेस, तुला असं पाहून तुझ्या पोरांना काय वाटेल, असं विचारतात. तिच्या शरीरसंबंधांवरून घाणेरडं बोलतात. हिचा खर्च आपल्या पैशांतून चाललाय, असं म्हणतात. हे सगळं त्या फ्रेंचमध्ये बोलत होत्या, आणि तिला ते कळत होतं.

तिला गुंगीचं औषध दिलं गेलं, हातपाय बांधले गेले आणि पाठीवर झोपवलं गेलं. तिच्यावर लक्ष ठेवायचं काम ज्या मुलीकडे होतं ती अजून पूर्ण नोंदणी न झालेली, शिकाऊ दर्जाची नर्स होती आणि तिच्या डोक्यावर तिच्या आवाक्यापेक्षा जास्त पेशंट होते. जॉयसची मुलगी येऊन पोहोचली तेव्हा आई बांधलेल्या अवस्थेत निपचित पडली होती. पुढे धावपळ झाली, पण उपयोग झाला नाही. मृत्यूचं कारण: फुप्फुसात पाणी.

ते चित्रीकरण मी वर्गात दाखवत नाही. मरणाऱ्या बाईची तडफड पडद्यावर लावून शिकवण्याइतकं माझं शिकवणं महत्त्वाचं नाही. तिने ते केलं ते तिच्या माणसांनी यावं म्हणून.

इथवर आलं की दरवर्षी एखादी मुलगी म्हणते, "मॅडम, त्या दोघी वाईट होत्या, त्यांना काढलं ना?" काढलं. दोघींनाही नोकरीवरून काढलं. सगळ्यात सोपी गोष्ट तीच होती. पण विथड्रॉवल हा शब्द त्या दोघींनी जन्माला घातलेला नव्हता. तो त्यांच्या आधी तिथे होता, आणि जॉयसही तिथे यायच्या आधीपासून त्या इमारतीला ओळखत होती. म्हणून दुसरा तास इतिहासाचा असतो.

कॅनडात शंभरहून अधिक वर्षं निवासी शाळा चालल्या. सरकारचा पैसा, चर्चची व्यवस्था. मूळनिवासींची सुमारे १,५०,००० मुलं आईबापांपासून तोडून तिथे ठेवली गेली. केस कापले, भाषा बोलली तर मार. त्या शाळांत झालेले अत्याचार, लैंगिक अत्याचारसुद्धा, आणि मुलांचे मृत्यू, हे सगळं सत्य आणि सलोखा आयोगाने २०१५ च्या अंतिम अहवालात नोंदवलं. त्याच आयोगाच्या ९४ शिफारशींपैकी एक आमच्यासारख्यांसाठी आहे: वैद्यकीय आणि नर्सिंगच्या प्रत्येक विद्यार्थ्याला मूळनिवासींच्या आरोग्याचा आणि या इतिहासाचा अभ्यास सक्तीचा करा.

शाळांचं हे आता बऱ्याच जणांना माहीत असतं. दवाखान्यांचं माहीत नसतं, आणि या केसमध्ये कळीचं तेच आहे. गेल्या शतकाच्या मध्यानंतर अतिकामेक, इन्नू आणि इतर समाजांची आजारी बाळं उपचारासाठी दूरच्या रुग्णालयांत नेली गेली. आईबापांना सोबत जाता आलं नाही. काही घरांना पुढे फक्त निरोप आला, की बाळ गेलं. देह पाहायला मिळाला नाही, कागद मिळाला नाही, कुठे पुरलं तेही कळलं नाही. अशा घरांत मानावानचीही घरं आहेत. त्यांनी इतकी वर्षं पाठपुरावा केला तेव्हा कुठे क्युबेकने २०२१ मध्ये कायदा केला. रुग्णालयात दाखल झाल्यावर बेपत्ता किंवा मृत झालेल्या मूळनिवासी मुलांची माहिती कुटुंबांना द्यायची, असा हा कायदा १ सप्टेंबर २०२१ पासून लागू आहे. म्हणजे जॉयस गेली तेव्हा तोही नव्हता.

त्यानंतर २०२२ मध्ये अतिकामेक संशोधक सुझी बाझील यांच्या पुढाकाराने झालेल्या अभ्यासात क्युबेकमधल्या मूळनिवासी बायकांच्या संमतीविना झालेल्या नसबंदीच्या घटना पुढे आल्या. १९८० ते २०१९ या काळातल्या किमान २२ बायका. काहींना ती शस्त्रक्रिया झाल्याचं कितीतरी उशिरा कळलं. २०२३ मध्ये अतिकामेक बायकांना सामूहिक दावा चालवायची परवानगी न्यायालयाने दिली. तो दावा ज्या आरोग्य यंत्रणेवर आहे तीच यंत्रणा जोलिएटचं रुग्णालय चालवते.

आता जॉयसच्या पलंगाकडे परत या. तिच्या समाजात दवाखाना म्हणजे बाळं जिथून परत येत नाहीत ती जागा. बायका जिथून काहीतरी हरवून येतात ती जागा. तिथे तिला बांधलं, आणि तिच्या भाषेत बोलणारं माणूस शेजारी नव्हतं. तिची भीती अतिरेकी होती, असं कोणत्या तोंडाने म्हणायचं?

लकोटा समाजातल्या अभ्यासक मारिया यलो हॉर्स ब्रेव्ह हार्ट यांनी याला ऐतिहासिक आघात हे नाव दिलं. एका पिढीवर झालेला घाव, त्याचा शोक करायलाही वाव न मिळता, पुढच्या पिढ्यांच्या मनात आणि शरीरात उतरत जातो. आपल्याकडे भाषेचीच अडचण आहे. ट्रॉमा म्हटलं की मुलींच्या डोळ्यांपुढे हायवेवरचं ट्रॉमा केअर सेंटर येतं. म्हणून मी आघाताचं भान ठेवून केलेली शुश्रूषा असा लांबलचक शब्द वापरते. अमेरिकेच्या सरकारी संस्थेने २०१४ मध्ये या शुश्रूषेची तत्त्वं मांडली, त्यांत सुरक्षितता, विश्वास, पेशंटच्या हातात निवड या गोष्टी आहेतच, पण समाजाचा इतिहासही आहे. न्यूझीलंडच्या माओरी नर्स इरिहापेती रॅम्सडेन यांनी त्याच्याही कितीतरी आधी एक पाऊल पुढचं सांगितलं होतं. शुश्रूषा सुरक्षित झाली की नाही हे नर्सने ठरवायचं नाही, ज्याने ती घेतली त्याने ठरवायचं. आणि नर्सने पेशंटच्या चालीरीती पाठ करण्याआधी स्वतः काय घेऊन वॉर्डात येते ते तपासायचं.

हे शेवटचं मला सगळ्यात पटतं, आणि त्याचं कारण जोलिएट नाही.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी एका रुग्णालयात रात्रपाळीला होते. दोनच्या सुमारास एक फासेपारधी बाई बाळंतपणाला आली, सोबत सासू आणि एक लहान पोरगं. ती आत शिरली आणि कोणी काही न सांगता आमच्या मावशींनी टेबलावरच्या सगळ्यांच्या पर्सेस उचलून कपाटात टाकल्या. कुलूप लावलं. किल्लीचा आवाज झाला. त्या सासूने मान फिरवून कपाटाकडे पाहिलं आणि पुन्हा खाली पाहिलं. तिला तो आवाज ओळखीचा होता. मीही काही बोलले नाही, माझीही पर्स त्यात होती. बाळंतपण सुखरूप झालं. पहाटे कागदपत्रांवरून कोणीतरी चढ्या आवाजात म्हणालं, पत्ता नाही, आधार नाही, पोलिसांना कळवावं लागेल. सकाळच्या राउंडला खाट रिकामी होती. तीन-चार तासांची बाळंतीण बाळ घेऊन निघून गेली होती. केसपेपरवर मी माझ्या हाताने लिहिलं: पळून गेली.

१८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा मी तेव्हा फक्त नावाने ऐकला होता. पारध्यांसारख्या जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवायचं, हजेरी घ्यायची, तारेच्या कुंपणात वसाहत करून ठेवायचं. सोलापुरातल्या त्या जागेला लोक अजून सेटलमेंटच म्हणतात. कायदा १९५२ मध्ये गेला. पण त्या रात्री तो आमच्या वॉर्डात दोन्ही बाजूंनी हजर होता. पोलिसांचं नाव काढताच ओली बाळंतीण उठून चालायला लागते, तो तिच्याकडे आलेला वारसा. न सांगता पर्सेस कपाटात जातात, तो आमच्याकडे आलेला वारसा. आम्ही तिचा वारसा शिकतो, त्यावर प्रकल्प लिहितो. आमचा वारसा अभ्यासक्रमात नसतो.

जॉयसच्या केसमध्ये नेमकं काय वेगळं करता आलं असतं, यावर तिसरा तास जातो. मोठमोठ्या सुधारणा मी बाजूला ठेवायला सांगते. ड्युटीवरच्या सिस्टरच्या हातात काय होतं तेवढंच.

पहिलं, तगमग दिसली की निदान लिहायचं नाही, दिसलं ते लिहायचं. श्वास मिनिटाला किती, ऑक्सिजन किती, बसल्यावर बरं वाटतं का. हृदयाचा आजार माहीत असताना हे तासातासाला हवं होतं. दुसरं, घरचं माणूस. कोविडचा काळ होता, नातेवाईकांवर निर्बंध होते, मान्य. पण फोन होता. ती तो हातात धरून नवऱ्याला हाका मारत होती. तोच फोन घेऊन, "दादा, बाईंना नेहमी असं होतं का, कोणतं औषध चालत नाही?" एवढं विचारलं असतं, तर नशेच्या शंकेचं उत्तर एका मिनिटात मिळालं असतं. तिसरं, भाषा. दुभाषी हा शेवटचा उपाय नाही, रक्तदाबाच्या आधीचं काम आहे. आणि चौथं, बांधणं. आपल्याकडेही पट्टीच्या गाठीने हात खाटेला बांधतात, पेशंट अंगावर येतो म्हणतात आणि पुढच्या कामाला लागतात. ज्यांच्या घरातली माणसं शाळेत कोंडली गेली त्यांच्या मनगटाला ती पट्टी काय सांगते, हा भाग आहेच. पण मनाचं बाजूला ठेवा, निव्वळ शरीराचं पाहा. गुंगीत असलेल्या हृदयरोग्याला पाठीवर बांधलं की त्याचा शेवटचा बचाव, उठून बसण्याचा, आपण काढून घेतो. बांधलंच तर शेजारून हलायचं नाही.

इथे एखादी मुलगी हमखास म्हणते, पन्नास पेशंटला दोन सिस्टर असताना हे कसं जमणार. प्रश्न खरा आहे. जॉयसजवळची ती शिकाऊ मुलगीही याच ओझ्याखाली होती, आणि चौकशीत मनुष्यबळाचा मुद्दा आला. पण त्याच वॉर्डात, त्याच गर्दीत, तिला टोमणे मारायला दोघींना वेळ होता. तोही लक्षात घ्यायला हवा.

आपल्याकडे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांना हाच पेच पडला होता, की आदिवासी दवाखान्यात का येत नाहीत. त्यांनी लोकांनाच विचारलं. उत्तरं साधी होती. तुम्ही पांढरे कपडे घालता, आम्ही पांढऱ्यात मढं गुंडाळतो. इमारत मोठी, आम्ही हरवतो. नातेवाईकांना बाहेर काढता. आणि तुमच्या दवाखान्यात देव कुठाय? मग त्यांच्या संस्थेचा शोधग्राममधला दवाखाना गोंडांच्या गावासारखा बांधला गेला, घरचं माणूस पेशंटजवळ राहील असा, माँ दंतेश्वरीच्या नावाने. आघाताचं भान वगैरे शब्द तेव्हा कोणी वापरत नव्हतं. विचारलं आणि ऐकलं, एवढंच.

जोलिएटच्या बाबतीत लोकांनी न विचारताही सांगून ठेवलं होतं. क्युबेक सरकारने नेमलेल्या व्हिएन चौकशी आयोगापुढे अतिकामेक लोकांनी त्या रुग्णालयातल्या वागणुकीबद्दल साक्षी दिल्या होत्या. सार्वजनिक सेवांत मूळनिवासींशी व्यवस्थात्मक भेदभाव होतो, असा निष्कर्ष आयोगाने ३० सप्टेंबर २०१९ ला दिला आणि दोनच दिवसांनी क्युबेकच्या पंतप्रधानांनी (तिथे प्रांताच्या सरकारप्रमुखालाही असंच म्हणतात) विधिमंडळात माफी मागितली. जॉयस गेली तेव्हा त्या माफीला वर्षही झालं नव्हतं.

मृत्यूची चौकशी कोरोनर, म्हणजे संशयास्पद मृत्यूंचा तपास करणाऱ्या अधिकारी, जेहान कमेल यांनी केली. मुंबईतही पूर्वी कोरोनर असत, त्यामुळे जुन्या लोकांना हे पद माहीत असेल. २०२१ च्या मे-जूनमध्ये उघड सुनावणी झाली. आपल्या रुग्णालयात कधी वर्णद्वेषी बोलणं ऐकलं नाही, असं अनेक कर्मचाऱ्यांनी शपथेवर सांगितलं. मला ते सगळे खोटं बोलले असं वाटत नाही. पर्सेस कपाटात ठेवल्या गेल्या त्या रात्री मला कोणी विचारलं असतं, तर मीही हेच सांगितलं असतं. ऑक्टोबरमध्ये अहवाल आला: मृत्यू अपघाती, टाळता येण्याजोगा, आणि वर्णद्वेष व पूर्वग्रह यांचा त्यात वाटा. जॉयस गोरी असती तर आज जिवंत असती का, या पत्रकाराच्या प्रश्नावर कमेल यांनी आपल्याला तसं वाटतं, असं उत्तर दिलं. त्यांची पहिली शिफारस होती की सरकारने व्यवस्थात्मक वर्णद्वेष आहे हे मान्य करावं. क्युबेकचे तेव्हाचे पंतप्रधान फ्रांस्वा लेगो यांनी ते मानलं नाही. मला यात नुसता शब्दाचा वाद दिसत नाही. तो शब्द नाकारला की जॉयसची केस दोन वाईट बायकांची केस होते आणि तिथेच बंद होते.

अतिकामेक लोक मात्र अहवालासाठी थांबले नव्हते. नोव्हेंबर २०२० मध्येच त्यांनी जॉयसचं तत्त्व नावाचा मसुदा मांडला. प्रत्येक मूळनिवासीला भेदभावाविना आरोग्यसेवा मिळण्याचा आणि शरीर, मन, भावना व आत्मा या चारही अंगांनी शक्य तेवढं उत्तम आरोग्य उपभोगण्याचा हक्क, आणि त्यांच्या पारंपरिक ज्ञानाला मान. कॅनडाच्या केंद्र सरकारने पाठिंबा दिला, क्युबेकने तो स्वीकारला नाही. २०२४ मध्ये क्युबेकने आरोग्यसेवेत सांस्कृतिक सुरक्षिततेचा कायदा केला, तोही ज्यांच्यासाठी केला त्या समाजांच्या आक्षेपांना न जुमानता.

तिसऱ्या तासाच्या शेवटी मी मुलींना जॉयसची ओव्हर नव्याने लिहायला सांगते. कोऱ्या कागदावर, पाच ओळींत, नाव आणि दिसलं तेवढंच. यंदा नंदुरबारकडच्या एका मुलीने लिहिलं: "जॉयसताई, ३७ वर्षं, पेसमेकर आहे. पोटात दुखतं, पडून राहवत नाही, बसवलं आहे. श्वास वाढलाय, डॉक्टरांना दोनदा बोलावलं, पुन्हा बोलावते. फ्रेंच येतं पण दुखताना आपल्या भाषेत बोलतात, नवरा फोनवर आहे, फोन चार्जिंगला लावलाय. घाबरल्या आहेत. त्यांना एकटं सोडू नका."